ताट आणि स्वभाव
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नागपूर मुक्कामी दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस 'आहार आणि मनःस्वास्थ्य' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. मॅट्रिकच्या शिदोरीवर प्राथमिक शाळेत मुलांना शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. परंतु माणसाचे पोट आणि माणसाचे मन यांचा संबंध पाहण्यास शाळामास्तरासारखी जागा दुसऱ्या कोणास क्वचितच लाभत असेल. चाळीस मुले, पाच तास, आणि मध्ये एक सुटी! कोणता मुलगा काय खाऊन आला आहे हे त्याच्या डब्यावरून कळण्याआधी त्याच्या वागण्यावरून कळते.

दुपारच्या पहिल्या तासाला काही मुले हटकून भांडत. पाटीवरून भांडत, बसण्याच्या जागेवरून भांडत, कारण नसताना रडत. शाळेत त्यांची ओळख 'व्रात्य' अशी होती. त्यांची घरे पाहिली तेव्हा उलगडा झाला. ही मुले सकाळी कोरा चहा पिऊन येत आणि त्यानंतर थेट संध्याकाळी जेवत. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारने शाळकरी मुलांच्या पोषणाची योजना सुरू केली, तेव्हा आरंभी महिन्याला तीन किलो धान्य घरी देत. ते घरात जाई, मुलाच्या पोटात त्याचा किती वाटा पडे ते परमेश्वरास ठाऊक. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच शाळेत दिले पाहिजे असा आदेश दिला, आणि पुढे शाळांतून खिचडी शिजू लागली. त्या खिचडीस नावे ठेवणारे पुष्कळ झाले. तांदळात खडे असत, हेही खरे. पण दुपारच्या तासाची भांडणे कमी झाली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्याच व्रात्य मुलांपैकी एक जण फळ्यावरचे गणित स्वतःहून उतरवून घेऊ लागला. त्याचा स्वभाव पालटला नव्हता. त्याचा खरा स्वभाव आम्हांस प्रथमच दिसत होता.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते असे नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आणि श्वेतकेतू यांची कथा आहे. मन हे अन्नाचेच बनलेले आहे, असे बाप मुलास सांगतो; मुलास ते पटत नाही. तेव्हा बाप त्यास पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहण्यास सांगतो. सोळाव्या दिवशी वेद म्हण, असे सांगताच श्वेतकेतूस काहीच आठवत नाही. मग तो जेवतो, आणि सारे पुन्हा आठवू लागते. आम्हांस या कथेत विशेष हे वाटते की, उद्दालकाने मुलास उपदेश पाजला नाही, प्रयोग करावयास लावला. कोणत्याही शिक्षकाने हेवा करावा असा तो पाठ आहे.

हाच प्रयोग अडीच-तीन हजार वर्षांनी अमेरिकेत झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, मिनेसोटा येथे अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेविले. हे तरुण युद्धास नकार देणारे, शांत वृत्तीचे, विचारी असे होते. काही आठवड्यांतच ते चिडखोर झाले, उदास झाले, मित्रांपासून तुटले. दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. कित्येक जण तर पाककृतींची पुस्तके वाचीत बसत! अर्धपोटी माणसास 'शांत राहा' म्हणून सांगणाऱ्यांनी या तरुणांची आठवण ठेवावी.

आता कोणी म्हणतील, मास्तर, आपल्या ज्ञातीत आज उपाशी कोण आहे? लग्नकार्यात पाने टाकून दिली जातात! बरोबर आहे. पण पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. येथे ज्वारीची गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण ज्वारी ही आपल्या वऱ्हाड-नागपुराची माय.

पेलाग्रा नावाचा एक रोग आहे. त्यात उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे उठतात, पोट बिघडते, आणि मन बिघडते. पुष्कळदा आरंभ मनापासूनच होतो: झोप लागत नाही, माणूस चिडतो, खिन्न होतो, आणि रोग बळावला तर भ्रमही होतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांत या रोगाने थैमान घातले होते आणि वेड्यांची इस्पितळे अशा रोग्यांनी भरली होती. लोक त्यास संसर्ग समजत. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टराने १९१५ च्या सुमारास अनाथाश्रमांतील मुलांस दूध, अंडी, मांस, कडधान्ये देऊन रोग घालविला. उलट तुरुंगातील धडधाकट स्वयंसेवकांस निकृष्ट अन्न देऊन तो उत्पन्नही करून दाखविला. १९३७ साली नायसिन या जीवनसत्त्वाचा या रोगाशी असलेला संबंध उघड झाला, आणि ज्यांस कायमचे वेडे समजून कोंडले होते त्यांतील कित्येक थोड्या दिवसांत भानावर आले.

आमच्याकडे मका नव्हे, ज्वारी. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली दाखविले की, दख्खनच्या पठारावर जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांत हाच रोग आढळतो. येथे 'नुसत्या' हा शब्द कृपा करून लक्षात घ्यावा. भाकरीबरोबर तुरीचे वरण, झुणका, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर ताक असले की ज्वारीसारखे धान्य नाही. आमच्या आजीस प्रथिने हा शब्द माहीत नव्हता. परंतु कण्या ताकाशिवाय खाऊ नयेत, हे ती बजावून सांगे. प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचे एक द्रव्य असते. त्यापासून शरीर नायसिन बनविते, आणि मनाच्या स्थैर्याशी ज्याचा संबंध जोडला जातो ते सेरोटोनिनही त्यापासूनच बनते. म्हणजे वरणाची वाटी नुसती पोटासाठी नसते.

हे झाले धान्याचे. आता जी गोष्ट बोलताना सभेत थोडी चुळबुळ होईल, ती बोलतो.

आपल्या घरांतील स्त्रियांविषयी 'हिचा स्वभावच चिडका', 'सूनबाईंना कशाचा उत्साहच नाही', 'आईंना हल्ली काही आठवत नाही' अशी वाक्ये आपण सहज उच्चारतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. निम्म्याहून अधिक! रक्त कमी असले, विशेषतः लोह कमी असले, की थकवा येतो, धाप लागते, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासात आणखी एक उणीव पुढे आली, ती बी-१२ या जीवनसत्त्वाची. त्यांनी तपासलेल्या गर्भवती मातांपैकी निम्म्याहून अधिक मातांत ते कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. भाजीपाल्यातून मिळत नाही. ते कमी पडले तर हातापायांस मुंग्या येतात, विस्मरण होते, मन उदास राहते.

आता घरातील पंगत डोळ्यांपुढे आणावी. प्रथम पुरुष, मग मुले, मग पाहुणे, आणि सर्वांत शेवटी जिने स्वयंपाक केला ती. तोवर दह्याचे भांडे रिकामे झालेले असते, भाजीत रस्सा उरलेला असतो, आणि सकाळची पोळी 'वाया कशाला घालवायची' म्हणून तिच्याच ताटात पडते. वर जेवणापाठोपाठ चहा. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, आणि लिंबू किंवा संत्रे ते अंगी लागण्यास मदत करते. आम्ही नागपूरकर जगास संत्री पाठवितो आणि घरच्या लक्ष्मीस चहा पाजतो! अशा ताटातून जो थकवा आणि जी चिडचिड उपजते, तिला आपण स्वभाव म्हणून मोकळे होतो. मुलगी पाहण्यास गेलेली मंडळी मुलीच्या स्वभावाची चौकशी बारकाईने करतात. तिला त्यांच्या घरी जेवावयास कितव्या पंगतीला बसविणार, हे मुलीच्या बापाने का विचारू नये?

आमच्या स्वतःच्या अनुभवाविषयी विचारले जाईल, म्हणून थोडक्यात सांगतो. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासून काही बदल सुचविले. रात्रीचे जेवण दहाऐवजी साडेसातला. दिवसाचे सहा कप चहा होते त्यांचे दोन, आणि तेही दुपारी तीनच्या आत. गव्हाच्या पोळीऐवजी एक वेळ भाकरी. रोज एक वाटी उसळ अथवा वरण आणि एक वाटी दही. आणि शनिवारच्या तर्री-पोह्यांवरची तर्री निम्मी. तर्री सोडा, असे कोणी सांगितले असते तर आम्ही नागपूर सोडण्याचा विचार केला असता. डॉक्टर शहाणे होते.

हे सर्व आम्ही साखरेसाठी केले. मनाचा त्यात विचारही नव्हता. तीन-चार आठवडे गेले असतील. वैशाखातील दुपार, वीज गेलेली, शेजारी लग्नाचा ध्वनिक्षेपक मोठ्याने चालू. आम्ही खिडकीपाशी बसून जुना दिवाळी अंक वाचीत होतो. सौभाग्यवती दोनदा येऊन पाहून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या, कपाळास हात लावला आणि म्हणाल्या, "अहो, बरे नाही का वाटत? केव्हाचे गप्प आहात. एरवी या वेळेपर्यंत दोनदा गच्चीवर जाऊन ओरडून आला असता."

तेव्हा आमच्या ध्यानी आले की, आत काहीतरी थांबले आहे. कानात सतत चालणारा पंखा बंद पडावा आणि मग तो चालू होता हे कळावे, तसे झाले. ही शांती ओळखीची नव्हती. किंबहुना प्रथम तीन-चार दिवस आम्हांस ती आवडलीही नाही. काहीतरी विसरलो आहोत असे वाटत राही. घाई नाही, छातीत धडधड नाही, कोणाशी मनातल्या मनात वाद नाही. साठ वर्षे ज्यास आम्ही आमचा तडफदारपणा समजत होतो, त्यात चहाचा वाटा किती आणि आमचा किती, याचा हिशेब अद्याप लागलेला नाही.

यात गूढ काही नाही. चहा-कॉफीतील उत्तेजक द्रव्य निम्मे उतरण्यास साधारण पाच तास लागतात. म्हणजे सायंकाळी सहाच्या कपातील निम्मा भाग रात्री अकराला अंगात जागाच असतो, आणि अपुऱ्या झोपेचा माणूस सकाळी कोणावर तरी ओरडतोच. काही माणसांत साखर आणि मैदा खाल्ल्यावर रक्तातील साखर झपाट्याने चढते व तशीच उतरते. ती फार उतरली तर शरीर ॲड्रिनलिन सोडते. हात थरथरतात, छाती धडधडते, आणि समोर जो असेल त्याचा राग येतो. बिस्किट-चहावर दिवस काढणाऱ्या कचेरीतील मंडळींनी सायंकाळी साडेपाचची आपली मनःस्थिती आठवून पाहावी.

आहाराचे असे प्रयोग ज्यांनी हयातभर केले ते महात्मा गांधी आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याजवळ सेवाग्रामास राहिले. १९३६ च्या एप्रिलअखेर ते त्या खेड्यात राहावयास आले, तेव्हा त्याचे नाव शेगाव होते. त्यापूर्वी वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाच्या छत्राखाली, जे. सी. कुमारप्पा हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल आणि गूळ यांचा पुरस्कार करीत होते. आश्रमातील बिनमसाल्याची उकडलेली भाजी आणि कडुनिंबाची चटणी यांची चेष्टा पुष्कळांनी केली. चव जिभेत नसून मनात असते, असा निष्कर्ष गांधीजींनी विलायतेत विद्यार्थी असतानाच काढला होता.

पण आम्हांस त्यांच्या प्रयोगांतील यशापेक्षा दोन वेगळे प्रसंग मोलाचे वाटतात. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा आजारी होत्या. मीठ आणि डाळ सोड, असे गांधीजी विनवीत होते. बा म्हणाल्या, तुम्हांला कोणी सांगितले तर तुम्हीसुद्धा सोडणार नाही. तत्क्षणी गांधीजींनी स्वतः वर्षभरासाठी दोन्ही सोडल्याचे सांगितले. बांना फार वाईट वाटले, त्यांनी पथ्य पाळले, आणि प्रकृती सुधारली. या प्रसंगात नवऱ्याचा हट्टही आहे, ते आम्ही झाकीत नाही. परंतु घरातील पथ्य पुरुषाच्या ताटापासून सुरू झाले, हेही त्यात आहे.

दुसरा प्रसंग १९२९ सालचा. न शिजविलेले अन्न, भिजविलेले मोड आलेले धान्य खाण्याचा प्रयोग त्यांनी साबरमतीस काही सहकाऱ्यांसह केला. पोट बिघडले, आमांश झाला. प्रयोग सोडला, आणि तसे जाहीरपणे लिहिले. दूध वर्ज्य करण्याचा त्यांचा निश्चयही जुना होता. पण १९१८ च्या जीवघेण्या दुखण्यानंतर बांच्याच सूचनेवरून ते शेळीच्या दुधावर आले. अमुक वस्तू सोडली की मन आपोआप निर्मळ होते, असे सांगणाऱ्या आजकालच्या प्रचारकांनी हे प्रसंग वाचावेत.

विनोबांचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. १९३८ साली त्यांची प्रकृती फार खालावली, वजन भयंकर घटले. गांधीजींच्या आग्रहावरून ते पवनारास, जमनालालजी बजाजांच्या बंगल्यात विश्रांतीस आले. धाम नदीचा पूल ओलांडताना 'मी सारे सोडले' या अर्थाचे शब्द ते तीनदा म्हणाले, आणि कामाची सर्व चिंता खरोखरच बाजूस ठेविली. रोज थोडे थोडे खणण्याचे काम, मोकळी हवा, नियमित अन्न. वर्षाच्या आत ते सुदृढ झाले. पुढे पोटात व्रण असताना मुख्यतः दह्यादुधावर राहून हाच मनुष्य १९५१ पासून तेरा वर्षे भूदानासाठी पायी हिंडला. त्यांची शांती दह्यातून आली, असे आम्ही म्हणणार नाही. चिंता, श्रम, झोप आणि अन्न ही चार चाके एकाच गाडीची. एक रुतले की बाकीची तीन फरफटतात.

म्हणून दोन गोष्टी स्पष्टपणे सांगतो. मनाचा आजार हा आजार आहे. ज्यांस डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत त्यांनी आमचे भाषण ऐकून त्या बंद करू नयेत. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६७ उदासीनतेच्या रोग्यांपैकी काहींस बारा आठवडे भाज्या, कडधान्ये, फळे, मासे, भरड धान्ये असा आहार शिकविला. त्यांतील ३२ टक्के रोगी जवळजवळ बरे झाले, आणि ज्यांस केवळ सोबत व गप्पागोष्टी मिळाल्या त्यांतील ८ टक्के. त्यांतील बहुतेकांचे औषधोपचार चालूच होते. चाचणी लहान होती. तरी आशा वाटावी अशी आहे.

दुसरी गोष्ट सोवळ्याओवळ्याची. आपल्या ज्ञातीत शाकाहारी घरे आहेत तशी मांसाहारी घरेही आहेत. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी चित्तशुद्धीसाठी कांदा सोडला. तेव्हापासून दुसऱ्याच्या ताटातील कांदा पाहून त्यांचा जो संताप होतो, तो पूर्वी कधी होत नसे! गीतेने सात्त्विक, राजस, तामस असे आहाराचे भेद सांगितले, ते स्वतःचे ताट तपासण्यासाठी. शेजाऱ्याचे ताट जोखण्यासाठी नव्हे. उपवासाचेही तसेच. साबुदाणा, बटाटा आणि चार वेळा चहा यांवर काढलेल्या एकादशीने द्वादशीस घरात जे रण माजते, त्याचा दोष एकादशीस देऊ नये.

आता थोडे कामाचे. मंडळाच्या वसतिगृहात बाहेरगावची मुले राहतात. परीक्षेच्या दिवसांत ती रात्री दोनपर्यंत चहा, शेव-चिवडा आणि थंड पेये यांवर जागतात. गेल्या मार्चात यांतील एक हुशार मुलगा पेपर कोरा ठेवून उठून आला. सर्व येत होते, हात थरथरत होते, काही सुचेना, असे त्याने रडत सांगितले. त्यास आधी डॉक्टरांकडे नेले, तेच योग्य होते. पण त्याच्या खोलीतील रिकाम्या पुड्या पाहिल्यावर आम्ही कार्यकारिणीस तीन लेखी सूचना दिल्या आहेत: रात्रीचे जेवण साडेसातला वाढावे; सकाळी कॉलेजास जाण्यापूर्वी पोहे किंवा उपमा, सोबत दूध अथवा मोड आलेली कडधान्ये द्यावीत; आणि रोज एका वेळी दही असावे. खर्च वाढेल. कोषाध्यक्षांचा चेहरा आम्हांस येथून दिसतो आहे. दह्याचा पहिल्या वर्षाचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून न घेता देणगीतून उभा करावा. त्यात आमचा एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाचा वाटा आम्ही आजच त्यांच्या हाती दिला आहे.

आणखी एक सूचना तोंडी केली होती, ती मान्य झाल्याचे स्वयंपाकघरातून आत्ताच कळले. आजच्या स्नेहभोजनात भगिनींची पंगत पहिली बसेल, आणि दही त्यांच्याच पानांपासून वाढण्यास आरंभ होईल. पुरुषमंडळींनी तोवर मंडपात बसावे. चहा मिळणार नाही.